चाळीस ग्रॅम गाजराचा ताळेबंद

कन्येने सहा महिने पुरे केले आणि अन्नाच्या प्रश्नावर आमच्या घरात दोन पक्ष पडले. माझ्या आईचे म्हणणे असे की, बाळाला मांडीवर घ्यावे, अन्न गंधासारखे मऊ वाटावे आणि बाळाचे लक्ष पंख्याकडे गेले की नेमक्या त्या क्षणी चमचा तोंडात घालून मोकळे व्हावे. पत्नीचे म्हणणे असे की, बाळाला उंच खुर्चीत ताठ बसवावे, समोर बोटाएवढ्या लांबीचे मऊ तुकडे ठेवावेत आणि पुढचे सगळे बाळावर सोपवावे. बाळाची मान स्थिर झाली आहे, थोड्याशा आधाराने ते बसते आहे, दिसेल ती वस्तू उचलून तोंडात घालते आहे आणि तोंडात आलेले जिभेने आपोआप बाहेर ढकलणे थांबले आहे, म्हणजे ते जेवायला तयार झाले, असे तिने मला समजावले. कन्येने त्याच आठवड्यात माझी चप्पल चाखून पाहिलेली असल्यामुळे यातल्या किमान एका लक्षणाबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी तटस्थ राहिलो. म्हणजे फरशी पुसण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिल्या दिवसाचा मान गाजराला मिळाला. दोन बोटांत दाबताच चेपेल इतके ते मऊ उकडलेले असावे, अशी अट होती, आणि ती पडताळण्याच्या भरात निम्मे गाजर मीच चेपून टाकले. तुकडा बोटाएवढा लांब का, तर या वयाचे बाळ वस्तू चिमटीत धरत नाही, आख्ख्या मुठीत धरते. त्यामुळे मुठीबाहेर जेवढे डोकावेल तेवढेच खाण्याजोगे. मुठीतला माल मात्र मालकिणीलाही अप्राप्य असतो. कन्येने गाजर घट्ट धरले, बाहेरच्या टोकाकडे न्यायाधीशाच्या गांभीर्याने पाहिले आणि ते स्वतःच्या कानात घातले.

मी स्वभावाने हिशेबी माणूस आहे. दिलेल्या वस्तूचे पुढे काय झाले हे कळल्याशिवाय मला झोप येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी वजनकाटा आणला, ४० ग्रॅम गाजर तोलून दिले आणि जेवण आटोपल्यावर वसुलीला निघालो. फरशीवर १४ ग्रॅम, लाळेऱ्याच्या खिशात ११, खुर्चीच्या सांध्यांत ८, केसांत ३ आणि माझ्या सदऱ्यावर ७. बेरीज ४३ आली. म्हणजे ४० ग्रॅम गाजरापैकी कन्येने उणे ३ ग्रॅम गाजर खाल्ले होते. मी सगळे दोनदा मोजले. दुसऱ्या वेळी ते ४४ भरले, कारण मध्यंतरी तिने त्यावर आणखी थोडी लाळ गाळली होती.

"काय द्यायचं आणि कधी द्यायचं, ते आपण ठरवायचं. किती खायचं, ते ती ठरवेल," पत्नी म्हणाली. "आणि तिचं मुख्य अन्न अजून दूधच आहे. तू जरा तो काटा उचल."

"तिने ठरवलंय की शून्य," मी म्हणालो.

यावर आई काही बोलली नाही. तिने फक्त धुऊन पुसून ठेवलेला चमचा पुन्हा एकदा धुऊन पुसून ठेवला.

तिसऱ्या दिवशी मात्र घशाचे प्रकरण उद्भवले. केळ्याचा एक तुकडा जरा आत गेला, कन्येचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आले, ओकारीची उबळ आली, आणि मी खुर्ची पाडून उभा राहिलो. पत्नी खालच्या आवाजात म्हणाली, "आवाज येतोय ना? मग थांब." उबळ आणि घास अडकणे यांतला फरक आम्ही दोघांनी आधीच शिकून घेतला होता. उबळेत बाळ खोकते, आवाज करते आणि आपले आपण सावरते. घास खरोखर अडकला की आवाजच बंद होतो. सहा महिन्यांच्या बाळाची उबळ जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागापासून सुरू होते, त्यामुळे ती वारंवार येते आणि एका अर्थी ती बाळाचा पहारेकरीच असते. न्यूझीलंडमध्ये पालकांना नीट प्रशिक्षण देऊन केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीतही हाताने खाणाऱ्या बाळांचा घास चमच्याने खाणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा अडकल्याचे दिसले नव्हते. हे सगळे मला पाठ होते. प्रथमोपचाराच्या वर्गात रबरी बाहुलीच्या पाठीवर ५ थापा आणि मग छातीवर ५ दाब मी इतके तालात दिले होते की शिक्षिकेने कौतुक केले होते. पण बाहुली लाल होत नाही. कन्येने तुकडा पुढे आणला, थुंकला, त्याच्याकडे जुन्या ओळखीने पाहिले आणि पुन्हा तोंडात घातला. मी दारामागे जाऊन पाणी प्यायलो.

त्यानंतर आमच्या घरात द्राक्षे उभी चिरून चार-चार फाकांत मिळू लागली, आख्खे दाणे वरच्या फळीवर गेले, मध पहिला वाढदिवस होईपर्यंत बंद झाला आणि मिठाचा डबा कन्येच्या ताटापासून दूर राहिला. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास आटत येतो, म्हणून डाळ आणि नीट शिजवलेल्या अंड्याच्या पट्ट्या आल्या. भिंतीला चिकटलेली डाळ वाळल्यावर कोणत्याही सिमेंटशी बरोबरी करते, हे सांगण्याचा अधिकार मला आता प्राप्त झाला आहे.

वसुलीची वही मात्र मी चालूच ठेवली, कारण दरम्यान लंगोट बदलताना गाजराचा एक केशरी, जवळजवळ जसाच्या तसा तुकडा हाती लागला होता आणि माल पोहोचल्याची याहून खात्रीची पावती कोणतेही खाते देत नाही. भोपळ्याची नोंद तेवढी निराशाजनक होती. नवी चव पुन्हा पुन्हा पुढे करत राहावी, असे सांगतात. आम्ही भोपळा नऊ वेळा दिला आणि नऊही वेळा तो तोंडापर्यंतचे अंतर न कापता सरळ जमिनीवर गेला. नवव्या नोंदीपुढे मी 'बुडीत' असे लिहून रेघ ओढली.

नववा महिना उजाडला आणि कन्येला चिमटी साधली. परवा ती रिकाम्या ताटापुढे बसलेली असताना तिचा हात खुर्चीच्या सांध्यात गेला, तिथून तिने अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक वाळका, पिवळट कण अलगद उपटून काढला आणि मी ओरडेपर्यंत तो चवीने खाऊनही टाकला. तो भोपळा होता. मी ताबडतोब वही उघडली. पण हा कण नऊपैकी कोणत्या तारखेच्या खाती जमा धरावा, हे काही केल्या ठरेना, आणि एवढ्यात तिने आणखी मिळावा म्हणून खुर्चीवर थाप मारली.