चौकाला कारंजं मिळालं, लेकरांना रस्ता कधी देणार?

आमच्या कॉलनीच्या चौकाचं काम झालं एकदाचं, आणि बघून डोकं इतकं फिरलंय की काय सांगू. गाव सांगत नाही, सांगायची गरजबी नाही, परभणी घ्या, लातूर घ्या, नांदेड घ्या, असा चौक तुमच्या घराजवळ असणारच. मधोमध गोल, गोलात कारंजं, कारंज्याला निळे-जांभळे लाईट, बाजूला "आय लव्ह" अन् पुढं गावाचं नाव असली माणसाएवढी अक्षरं, वरून हायमास्ट. नळाला पाणी येतं आठ-आठ दिवसाला, उन्हाळ्यात टँकरमागं घागरी घेऊन पळायचं, आणि ह्यांना चौकात कारंजं पाहिजे! उद्घाटनाच्या दिवशी तासभर उडलं. त्याच्यानंतर त्यात जे काही पाणी साचतं ते पावसाचं, बाकी गुटख्याच्या पुड्या अन् डास.

आम्ही मागितलं काय होतं? निवेदन दिलं होतं रीतसर, गल्लीतल्या बायकांनी दारोदार फिरून सह्या घेतल्या होत्या. एका बाजूला शाळा, एका बाजूला घरं, अन् मधून बायपासला जायचा शॉर्टकट, त्यामुळं हायवा, टँकर, छोटा हत्ती, क्लासची पोरं बुलेटवर, सगळी दुनिया आमच्याच चौकातून जायलीय. मागणी एवढीच होती की लेकराला आणि म्हाताऱ्या माणसाला जीव मुठीत न धरता पलीकडं जाता यावं, पोरींना सायकल नीट नेता यावी. मिळालं काय तर कारंजं. नवरदेव सोडून बँडवाल्याला हळद लावायचा प्रकार.

बरं, नुसतं कारंजं बसवून थांबले असते तरी म्हणलं असतं जाऊ द्या, पैसे खाल्ले, नवीन काय त्यात. पण ह्यांनी चौक होता त्याच्यापेक्षा डेंजर करून ठेवलाय. चारी कोपरे कापून गोल गरगरीत केले. काहून? तर म्हणे मोठ्या गाड्यांना वळायला त्रास व्हायलाय. अहो मग होऊ द्या की त्रास! राहत्या वस्तीत हायवाला आरामात वळता यावं ही कुणाची मागणी होती, सह्या तरी दाखवा त्यांच्या. कोपरा आवळलेला असला की गाडीवाल्याला ब्रेक मारावा लागतो, मान फिरवून बघावं लागतं, मग वळता येतं. तोच कोपरा ऐसपैस केला की तोच माणूस तिसऱ्या गिअरमधी, फोन खांद्यावर दाबून, सुंदर वळून निघून जातो. हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही, पाणीपुरीच्या गाड्यापाशी दहा मिनिटं उभं राहिलं की दिसतं.

आणि चालणाऱ्याचं काय झालं ते बघा. आमचा आतला रस्ता ७ मीटर रुंद. कोपऱ्याच्या गोलाईची त्रिज्या ३ मीटर ठेवली असती तर फुटपाथच्या सरळ रेषेत चालणाऱ्याला साधारण साडेआठ मीटर रस्ता ओलांडावा लागला असता. ह्यांनी घेतली ९ मीटर, त्यामुळं तेच अंतर झालं १६-१७ मीटर. मी पोराच्या भूमितीच्या वहीत कंपास लावून काढून बघितलं, पटत नसंल तर तुम्हीपण काढा. गुडघ्याचं दुखणं असलेली म्हातारी सेकंदाला मीटरभर चालली तरी खूप झालं. म्हणजे जिथं आठ-नऊ सेकंदात पलीकडं गेली असती तिथं आता सतरा-अठरा सेकंद ती रस्त्याच्या मधी, आणि तेवढ्या वेळात चहूबाजूनी न थांबता वळणाऱ्या गाड्या. रस्ता इंचभर रुंद झाला नाही, नुसते कोपरे कापले अन् ओलांडायचं अंतर डबल.

हे सगळं ह्या कामाच्या साहेबांना ऑफिसात जाऊन सांगितलं. नकाशा टेबलावर पसरलेला, त्यात गाड्या काढलेल्या, झाडं काढलेली, कारंज्याचे फवारेसुद्धा काढलेले, माणूस एकबी नाही. मी विचारलं साहेब, माणसं कुठून ओलांडणार? तर म्हणतात, "मॅडम, वाहतूक सुरळीत राहिली की सगळं सुरळीत होतं." वाहतूक म्हणजे फक्त इंजिनवाली का? आमची लेकरं दप्तर घेऊन चालायलेत ती काय वाहतूक नाही, ती काय हवा खायला निघालेत?

फुटपाथचं तर बोलूच नका. रस्त्यांची मापं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) म्हणून संस्था आहे, तिचे नियम आहेत, आयआरसी १०३, त्यात सरळ लिहिलंय की फुटपाथवर कमीत कमी १.८ मीटर मोकळी जागा चालायला पाहिजे आणि त्याची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. मोकळी म्हणजे मधी काही नको. आमच्या फुटपाथवर गट्टू बसवलेत चकचकीत, उंची दीड फूट, चढताना म्हाताऱ्या माणसाला कुणाचा तरी खांदा धरावा लागतो, अन् चढून चार पावलं गेलं की लाईटची डीपी. डीपी झाली की नालीचं उघडं झाकण, मग पानटपरी, मग कुणाच्या तरी बंगल्याचा रॅम्प. मग माणूस झक मारून खाली उतरतो अन् रस्त्यानं चालतो, आणि मागून हॉर्न, "ओ काकू, फुटपाथ दिसंना का?" गेल्या वर्षी, २०२५ च्या मे मधी, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की चालायला मोकळा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ चा भाग आहे, म्हणजे जगण्याच्या हक्कातला. आमच्याकडं हा हक्क डीपीपाशी येऊन संपतो.

सायकलवाल्या पोरींचं बघून तर रडूच येतं. एकीकडं सरकार मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या पोरींना फुकट सायकली देतंय, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या गावांतल्या पोरी, चांगली योजना आहे, एकदम चांगली, त्या सायकलीमुळं कितीक पोरींची शाळा सुटली नाही. त्या पोरी शिवारातून नीट येतात, अन् आमच्या चौकात आल्या की सायकलवरून उतरून हातात धरून पळतात. कारण सरळ जाणाऱ्या सायकलला ओव्हरटेक करून त्याच सेकंदाला डावीकडं वळणारा ऑटो. कोपरा गोल केल्यामुळं त्याला थांबायची गरजच उरली नाही ना. आणि उजवीकडं वळणारे तर गोलाला वळसाच घालत नाहीत, कारंज्याच्या अलीकडूनच उलट्या बाजूनं घुसतात, कारण गोल एवढा मोठा करून ठेवलाय की वळसा घ्यायचा कंटाळा येतो लोकांना. सायकल द्यायची अन् चालवायला जागा नाही द्यायची, कुणाच्या डोक्यातून निघतं हे.

त्यात बॅनर. गोलाच्या रेलिंगला चारी बाजूनी बॅनर, कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणी दहावीत ९० टक्के पाडले, भावी अमुक भावी तमुक. फोटोतले सगळे हात जोडून उभे. दहा वर्षाच्या लेकराचे डोळे जमिनीपासून जेमतेम सव्वा मीटरवर असतात, त्याला बॅनरच्या पलीकडून येणारी गाडी दिसत नाही आणि गाडीवाल्याला लेकरू दिसत नाही. कोपऱ्यावर लावलेल्या गाड्यांचं पण तेच. मेडिकलवाल्याची एक, चहावाल्याची एक, अन् एक कुणाची पांढरी स्कॉर्पिओ, ती तर जन्मापासून तिथंच उभी आहे. कोपऱ्यापासून थोडं अंतर गाड्या लावू दिल्या नाहीत तरी निम्मा धोका दिसायला लागतो. अमेरिकेत होबोकेन नावाचं छोटं शहर आहे, त्यांनी कोपऱ्यावरची पार्किंग काढून टाकायची मोहीमच केली, आणि तिथं २०१७ पासून वर्षानुवर्षं रस्त्यावर एक माणूस मेला नाही. आमच्याकडं स्कॉर्पिओ हलवायची म्हणलं की आमच्या भागातले पुढारी, भाऊ, त्यांचा फोन येतो.

बरं आम्ही बोंब मारली म्हणून ब्रेकर टाकला. टाकला म्हणजे काय, उरलेलं काँक्रीट ओतलं रात्रीत, उंच, टोकदार, ना पट्टे ना रिफ्लेक्टर. आयआरसीच्या मापानं ब्रेकर ३.७ मीटर रुंद अन् फक्त १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ नं गाडी आरामात जाते त्यावरून. आमचा हातभर रुंद अन् गुडघ्याला लागंल असा. बुलेटवाली पोरं बाजूच्या फटीतून तशीच सुसाट जातात, आपटतं कोण तर सायकलवाली पोरगी अन् ऑटोत बसलेली गरोदर बाई.

कॉलनीच्या ग्रुपवर हे टाकलं तर एक काका म्हणे, "वहिनी, हे काय नेदरलँड आहे का?" काका, नेदरलँडबी तेव्हा नेदरलँड नव्हतं! १९७१ ला त्या एवढ्याशा देशात ३,३०० च्या आसपास माणसं रस्त्यावर मेली, त्यात ४०० च्या वर लेकरं. मग आईबाप रस्त्यावर उतरले, लेकरांचे खून थांबवा म्हणून आंदोलनं केली, तेव्हा कुठं चौक बदलले. आकाशातून नाही पडलं काही. आणि लांब कशाला जायचं, पुण्यात जंगली महाराज रोडवर फुटपाथ रुंद केलाय, बघून या एकदा, दुकानं काही बंद पडली नाहीत तिथली. आपल्याकडं पण २०२० मधी केंद्राच्या चालणाऱ्या-सायकलवाल्यांसाठीच्या चॅलेंजमधी औरंगाबाद होतं, आताचं संभाजीनगर. म्हणजे मराठवाड्यात हे कुणाला माहीतच नाही असं कुणी सांगू नका.

देशात २०२२ ला १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, सरकारचाच आकडा आहे, त्यातले ३२,८२५ नुसते चालणारे. दिवसाला नव्वद. त्यांची चूक काय, तर पायी चालले. आणि रस्ता चुकीचा बांधला तर काय होतं माहितीय का, २०१९ ला मोटार वाहन कायद्यात १९८-ए कलम आलं, रस्त्याच्या डिझाईनचे नियम पाळले नाहीत अन् त्यामुळं कुणी मेलं किंवा अपंग झालं तर अधिकारी, सल्लागार, गुत्तेदार जबाबदार. वाचून बरं वाटलं ना? आता दंड ऐका. जास्तीत जास्त १ लाख. आमच्या कारंज्याच्या टाईल्सचं बिल ह्याच्या वर गेलं असंल.

आणि पाहिजे ते काय महाग आहे का हो? कोपरे परत आवळा. ओलांडायच्या जागी रस्ताच उचलून फुटपाथच्या लेव्हलला आणा, म्हणजे लेकरू उतरत नाही, गाडी चढते, अन् चढायचं म्हणलं की आपोआप हळू होते. साहेब म्हणतात पाणी तुंबंल, अहो मग कडेला नालीकडं जाणारा पाईप ठेवा, पाच इंची पाईप टाकायला जागतिक बँकेचं कर्ज लागतं का? गाडी ताशी ५० नं असली तर बघून ब्रेक मारून थांबेपर्यंत २७-२८ मीटर जातात, ३० नं असली तर १३-१४ मधी थांबते. तेवढ्या फरकात कुणाचं तरी लेकरू घरी येतं. कारंज्याच्या पैशात असे चार चौक झाले असते, पण उचललेल्या रस्त्यासमोर फीत कापून फोटो चांगला येत नाही ना, अडचण ती आहे.

भाऊ म्हणाले, "ताई, पुढच्या फंडात बघू." पुढच्या फंडात काय येणार तेपण कानावर आलंय, गोलात घोड्याचा पुतळा. म्हणून आता निवेदन-बिवेदन बास. रविवारी सकाळी सहाला आम्ही बायका चुन्याची फक्की, विटा अन् जुने टायर घेऊन चौकात येणार, कोपरा जिथं पाहिजे तिथं स्वतः आखणार, टायर मांडून अडवणार, अन् गाड्या हळू होतात का नाही ते मोबाईलमधी शूट करणार. स्कॉर्पिओवाल्यांनी शनिवारी रात्रीच गाडी काढून घ्यावी, नंतर टायरच्या आत अडकली तर आमच्या नावानं बोंबलायचं नाही.