'१९८७ नंतर एकही नवीन अँटिबायोटिक नाही' हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

गेले काही दिवस एकच मेसेज चारी बाजूंनी येतोय. थोडक्यात असा: १९८७ नंतर जगात एकही नवीन अँटिबायोटिक निघालेलं नाही, कंपन्यांनी संशोधन बंदच केलंय, चुकून काही आलं तरी जंतू त्याच्यावर लगेच मात करतात, म्हणून आता कल्चर (जंतू वाढवून कोणतं औषध चालेल ते बघायची तपासणी) वगैरे करण्यात काही अर्थ नाही. मी रोज कल्चर-सेन्सिटिव्हिटीच्याच प्लेट्स वाचते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी ते १९८७. हे साल कुणी मनाने घातलेलं नाही, पण त्याचा अर्थ पार बदललाय. मूळ म्हणणं असं होतं की ज्यातून पुढे औषध बाजारात आलं असा अगदी नवा क्लास (औषधांचं नवं घराणं) शेवटचा सापडला तो त्या सुमाराला. क्लास सापडणं वेगळं आणि औषध निघणं वेगळं, मधे कित्येक वर्षं जातात. लिनेझोलिड २००० साली आलं, डॅप्टोमायसिन २००३ ला, टीबीचं बेडाक्विलिन २०१२ च्या डिसेंबरात, आणि मार्च २०२५ मध्ये युरिन इन्फेक्शनसाठी अमेरिकेत मंजूर झालेलं जेपोटिडासिन तर रचनेनेही नवीन आहे. सेफिडेरोकॉल (२०१९) मला फार आवडतं: जंतूला जगायला लोह लागतं, हे औषध लोहाला चिकटून जातं आणि जंतू स्वतःच्याच लोह आत घ्यायच्या वाटेने त्याला आत ओढून घेतो.

पण मेसेज लिहिणाऱ्याच्या नजरेतून सगळ्यात मोठी गोष्टच सुटलीये. गेल्या काही वर्षांतलं बरंचसं काम नवीन अँटिबायोटिक शोधण्याचं नाहीच, जुनं वाचवायचं आहे. पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम एब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच दाखवलं होतं, म्हणजे पेनिसिलिन लोकांपर्यंत नीट पोचायच्याही आधी. मग विचार असा झाला की औषध बदलण्याऐवजी ते एन्झाइमच अडवलं तर? त्यातून क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड आलं, पुढे अ‍ॅविबॅक्टम (२०१५), व्हॅबोरबॅक्टम (२०१७), रेलेबॅक्टम (२०१९), आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जंतूसाठी २०२३ मध्ये सल्बॅक्टमच्या जोडीला ड्युरलोबॅक्टम. हे साध्या डोळ्यांनी दिसतं बरं का. प्लेटवर जंतू पसरून मधे क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडवाली डिस्क (औषध लावलेली कागदाची चकती) ठेवायची, तिच्यापासून साधारण २० मिलिमीटरवर सेफ्टाझिडीम या जुन्या अँटिबायोटिकची. एन्झाइमवाला जंतू असेल तर सेफ्टाझिडीमभोवतीचा झोन (जंतू न वाढलेली स्वच्छ जागा) गोल राहत नाही, मधल्या डिस्कच्या बाजूला फुगतो, लांबट होतो, कारण तेवढ्या पट्ट्यात एन्झाइम अडलेलं असतं आणि ते जुनं औषध परत काम करत असतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा प्लेट उजेडाकडे धरून कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

कंपन्यांबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि ते मान्यच करायला हवं. मोठ्या कंपन्यांपैकी बऱ्याच या क्षेत्रातून बाहेर पडल्या. अकेओजेनचं प्लाझोमायसिन जून २०१८ मध्ये मंजूर झालं आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, औषध चांगलं असून. कारण सरळ आहे, नवीन अँटिबायोटिक जपून वापरायचं असतं, म्हणजे ते कमी खपणार, मग खर्च कुठून निघणार? पण बंद पडलंय का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत २०२५ मध्ये माणसांवरच्या चाचण्यांच्या टप्प्यात ९० औषधं होती, २०२३ मध्ये ९७ होती. आकडा घसरलाय, मला त्याची काळजी वाटते, आणि त्यातली खरोखर नव्या वाटेची फक्त १५ आहेत, पण म्हणून ९० म्हणजे शून्य होत नाही. इंग्लंडने २०२२ पासून दोन औषधांना (सेफिडेरोकॉल आणि सेफ्टाझिडीम-अ‍ॅविबॅक्टम) वर्षाला प्रत्येकी जास्तीत जास्त १ कोटी पाउंड ठरावीक द्यायला सुरुवात केली, मग औषध कमी वापरलं जावो की जास्त. पैशाची गाठ सुटली तर अशानेच सुटेल असं माझं मत.

कॉम्प्युटरने शोधलेलं हॅलिसिन (२०२०), जंतूच्या बाहेरच्या भिंतीचं सामानच अडवणारं झोसुराबालपिन (२०२४), फाज (जंतूंना मारणारे विषाणू), अँटिबॉडी, ही यादी लांबेल. फाजबद्दल एवढंच की ते आशादायक आहे पण अजून ठराविक रुग्णांपुरतंच.

आता 'जंतू लगेच मात करतात'. करतात, हो. ३०,००० वर्षं गोठून राहिलेल्या मातीतसुद्धा रेझिस्टन्सची (औषधाला दाद न देण्याची) जीन्स सापडलीयेत, म्हणजे ही लढाई आपल्या औषधांच्या कितीतरी आधीची आहे. सेफ्टाझिडीम-अ‍ॅविबॅक्टम आल्यावर थोड्याच काळात त्यालाही न जुमानणारे केपीसीवाले (केपीसी हेही औषध फोडणारं एन्झाइम) जंतू दिसले. पण पुढचं कुणी सांगत नाही. एनडीएम नावाच्या आणखी एका एन्झाइमवर अ‍ॅविबॅक्टम चालत नाही, मात्र एनडीएमला अ‍ॅझ्ट्रिओनाम हे जुनं अँटिबायोटिक फोडता येत नाही, ते फोडतात त्याच जंतूतली दुसरी एन्झाइम्स, आणि त्यांना अ‍ॅविबॅक्टम अडवतं. म्हणून दोघांची जोडी केली, २०२४ मध्ये युरोपात आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

आणि म्हणूनच कल्चर नको हा मुद्दा उलटा आहे. पूर्वी नुसतं चालतंय की नाही एवढं बघून भागायचं, आता केपीसी आहे की एनडीएम आहे यावर औषध ठरतं. मागे एका पेशंटच्या मुलीने मला हाच मेसेज दाखवून विचारलं होतं, मॅडम, रिपोर्टसाठी थांबू का, की काही उपयोग नाही? मी म्हटलं थांबा. दुसऱ्या दिवशी प्लेट काढली तर बहुतेक डिस्कना चिकटून जंतू वाढलेले, आणि एका कोपऱ्यातल्या दोन डिस्कभोवती स्वच्छ गोल. त्या दोन डिस्कची नावं मी आधी फोनवर डॉक्टरांना सांगितली, रिपोर्ट टाइप व्हायच्या आधी.