लाल दिवा लागेपर्यंत

नवी पेट्रोल गाडी घेतल्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन. कर्जाचे हप्ते फिटण्यापूर्वीच तिचे इंजिन निकालात कसे काढावे, याविषयी चार शब्द सांगण्याचा अधिकार मला गेल्या महिन्यात खंबाटकी घाटात प्राप्त झाला आहे. साताऱ्याला निघालो होतो. घाटाच्या मध्यावर आधी बारीक शिट्टी ऐकू आली, मग आरशात निळसर धूर दिसला आणि त्यापाठोपाठ तेलाचा लाल दिवा लागला. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून मार्गदर्शन करतच होते. गाडीचे वय दोन वर्षे दहा महिने.

आपणास हे साधायचे असल्यास पहिली गोष्ट म्हणजे गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढू नये. तिच्यात सर्व्हिस ‘१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते’ असे लिहिलेले असते आणि पुढे बारीक अक्षरांत कठीण परिस्थितीतल्या वापराचे वर्णन असते: धूळ, संथ वाहतूक, सतत थांबणे, लहान लहान फेऱ्या. हे सारे ज्यांच्या नशिबी आहे त्यांनी तेल बरेच लवकर बदलावे, असे ती पुस्तिका सांगते. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्याने हे वर्णन वाचले तर त्याला ते स्वतःचे चरित्र वाटेल, म्हणून वाचू नये.

शोरूममध्ये आकडे ऐकून मान डोलवावी. हजार सीसीच्या आतले तीन सिलिंडरचे इंजिन ११०-१२० अश्वशक्ती देते म्हणतात. मारुती ८०० लाही तीनच सिलिंडर होते, ७९६ सीसी, आणि ताकद चाळीस अश्वशक्तीच्याही आत. मधली ऐंशी कुठून आली, हे विचारू नये. कारण त्याचे उत्तर टर्बो, म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरून आत जास्तीची हवा कोंबणारा पंखा, असे आहे आणि टर्बो म्हटला की तेलाचा विषय निघतो. (इंजिन इतके लहान का, हेही विचारू नये. लहान गाडीच्या करसवलतीची रेषा पेट्रोलसाठी १२०० सीसीवर आणि चार मीटर लांबीवर आखलेली आहे. इंजिनाची मापे अभियंत्यांइतकीच कर खात्यानेही ठरवलेली असतात.)

मुलांना दीड किलोमीटरवरच्या शाळेत गाडीने सोडावे आणि लगेच परतावे, म्हणजे इंजिन पुरते तापत नाही आणि न जळलेले पेट्रोल व पाण्याची वाफ तेलात मुरत राहते.

घाट चढून हॉटेलासमोर गाडी लावताच, टर्बो लालबुंद असतानाच, इंजिन बंद करून मिसळ मागवावी.

मायलेजबद्दल पंपावर वाद घालू नये.

सर्व्हिसच्या वेळी इंजिनाच्या ‘अंतर्गत सफाई’साठी पेट्रोलच्या टाकीत ओतायची बाटली अवश्य घ्यावी. आपल्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, हवेच्या झडपांना ते शिवतही नाही. काजळी मात्र त्याच झडपांवर बसते आणि त्या काजळीसाठीच ही बाटली विकली जाते. बाराशे रुपयांत एवढी श्रद्धा अन्यत्र मिळत नाही.

आता तेल. गाडी सर्व्हिसला दिली की वरच्या काचेच्या खोलीत बसून मशीनची कॉफी प्यावी आणि खाली कोणत्या बॅरलमधून काय ओतले जाते आहे, ते पाहण्याचा असभ्यपणा करू नये. मी केला नाही. माझ्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० प्रतीचे, म्हणजे पातळ, सिंथेटिक तेल, फिल्टरसह ३.६ लिटर, असे स्पष्ट छापलेले आहे. २०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसच्या बिलावर ‘इंजिन ऑइल, लूज, २०डब्ल्यू-४०, ४.२ लिटर’ असे तितकेच स्पष्ट छापलेले आहे. वरचे ६०० मिलिलिटर इंजिनात कुठे मावले, हा प्रश्न मी आता सोडून दिला आहे. पण २०डब्ल्यू-४०? इंजिन तापल्यावर, १०० अंशांना, हे तेल ०डब्ल्यू-२० प्रतीच्या तेलापेक्षा साधारण पावणेदोन पट घट्ट असते आणि डिसेंबरच्या सकाळी गार इंजिनात तर त्याला वर चढायचीच घाई नसते. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, त्याच्या एका टोकाला नऊशे अंशांचा धूर असतो आणि तो दांडा कशावर टेकलेला असतो, तर तेलाच्या केसाएवढ्याही जाड नसलेल्या थरावर! तिथे स्कूटरच्या गॅरेजमधले साधे खनिज तेल वर्षभर उकळले, त्याचा कोळसा झाला आणि टर्बोला तेल पोचवणारी बोटभर नळी त्या कोळशाने बुजली. हे माझे अनुमान नव्हे. नळी कापून सर्व्हिस सेंटरवाल्यांनीच मला दाखवली.

दाखवली आणि ९४,००० रुपयांचा अंदाज हाती दिला. वॉरंटी नाही, कारण ‘निर्धारित प्रतीचे तेल वापरलेले नाही’. मी त्यांचेच बिल त्यांच्यापुढे ठेवले. तेव्हा उत्तर आले, ‘सर, ती बिलिंगची एन्ट्री चुकली असेल, तेल बरोबरच टाकतो आपण.’ अहो, तेल बरोबर असेल तर वॉरंटी का नाही आणि चुकीचे असेल तर ते ओतले कोणी? यावर पोरगेला सर्व्हिस ॲडव्हायझर संगणकाकडे पाहत म्हणाला, ‘वरून तसंच आलंय, सर.’

सर्व्हिसनंतर येणाऱ्या फोनवर दहापैकी दहा गुण द्यावेत.

पुरे झाला हा साळसूदपणा. ज्यांना एका आवारात दोन बॅरल वेगळे ठेवता येत नाहीत, त्यांनी बारा लाखांच्या गाडीचे बॉनेट उघडू नये. मजुरीचे पैसे घेता, तेलाचे जास्तीचे पैसे घेता, वर स्वतःची चूक गिऱ्हाइकाच्या नावावर लिहिता, याला लबाडी म्हणतात, बिलिंगची एन्ट्री नव्हे. आणि आपणही, म्हणजे मी धरून सगळेच, काही कमी नाही. सनरूफ किती उघडतो हे तोंडपाठ, पण तेलाची पातळी मोजायची पट्टी इंजिनाच्या कोणत्या बाजूला आहे हे ठाऊक नाही. भाजीवाल्याचा हिशेब दोनदा लावणारे आपण अकरा हजारांच्या बिलावर न वाचता सही करतो. सीलबंद डबा समोर फोडून घ्या, त्यावरची प्रत पुस्तिकेशी ताडून पाहा, रिकामा डबा घरी आणा, ते नाक मुरडतील तर मुरडू द्या. आणि उद्या सकाळी, इंजिन गार असताना, पट्टी काढून एकदा पाहा, मग जुनी बिले काढून वाचा. माझ्या बिलावरची ती ओळ वर्षभर डॅशबोर्डच्या खणातच पडून होती.