हाड जुळले, पण आत्या पडली कशाने?

आज आत्याच्या मनगटाचे प्लास्टर निघाले आणि "आता जपून चाला, आजी" एवढ्या एका वाक्यावर तिची बोळवण झाली, तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे. स्वतःचे बँकेचे व्यवहारही स्वतः पाहणारी ही ६४ वर्षांची बाई दारातली दुधाची पिशवी उचलायला वाकली, तिचा तोल गेला, सावरण्यासाठी तिने हात टेकला आणि सगळा भार तळहातावर येऊन मनगटाजवळचे हाड मोडले. ती पडलीच का, हे एवढ्या आठवड्यांत एकानेही विचारले नाही. हाड चोख बसवले, हे मान्य.

या अस्थिभंगाचे वर्णन डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी करून ठेवले आहे. पाळी गेल्यावर हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात आणि नुसते उभ्या उभ्या पडून ज्या बाईचे मनगट मोडते, तिचा पुढे खुबा मोडण्याचा धोकाही वाढलेला असतो, हे डॉक्टरांना कोणी नव्याने सांगायला नको. मग हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी चिठ्ठीवर का नव्हती?

तोलाचे तर कोणी नावच काढत नाही. डोळे, आतला कान, तळपायांची जाणीव आणि मांड्यांची ताकद यांच्या मेळावर माणूस उभा असतो. आत्या गेल्या पावसाळ्यापासून भिंतीला हात लावून चालत होती, परकर घालताना पलंगावर बसत होती, आणि घरात त्यावर विनोद होत होते. ती रात्री झोपेची गोळी घेते, सकाळी रक्तदाबाची. चष्मा बायफोकल, त्यामुळे खाली पाहिले की पायरी धूसर दिसते. यांतले काय बदलता येईल, हे तपासायला कितीसा वेळ लागला असता? बाहेर रुग्णांची रांग होती, हेही खरे.

बिचारी आता भीतीने जिना उतरत नाही, आणि चालणे थांबले की पाय आणखी दुबळे होणार. म्हणून फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली आहे. ओट्याला धरून एका पायावर उभे राहण्यासारखे तोलाचे व्यायाम तिला कोणी जाणकाराने समोर उभे राहून शिकवावेत, एवढीच इच्छा आहे. डेक्साही करणार आहोत. "या वयात असे व्हायचेच, उगाच खर्च कशाला?" असे विचारणाऱ्या आमच्या एका नातेवाइकाला फोनवर जे उत्तर दिले, ते इथे लिहिण्याजोगे नाही.