खुलासा: लिमामध्ये अमेरिका-चीनचा 'एआय करार' झालेला नाही

'अमेरिका आणि चीनने करार करून एआय शस्त्रांवर बंदी घातली' असा मेसेज सध्या फिरतोय. त्यात खरं आहे ते एवढंच: 16 नोव्हेंबर 2024 रोजी पेरूची राजधानी लिमा इथे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग भेटले. अण्वस्त्र वापरण्याचा निर्णय एआयकडे न जाता माणसाच्याच हाती राहावा, यावर दोघांचं एकमत झालं.

भेटीनंतर दोन्ही सरकारांनी आपापली स्वतंत्र निवेदनं काढली. सह्या केलेला करार नाही, तपासणीची यंत्रणा नाही. शिवाय अमेरिकेत तह व्हायचा तर सिनेटची दोन-तृतीयांश मंजुरी लागते; इथे तो प्रश्नच आला नाही. व्हाइट हाउसच्या निवेदनात बाकीच्या लष्करी एआयबद्दल 'जोखमींचा विचार करून, जबाबदारीने विकास करावा' अशा अर्थाचं वाक्य आहे. म्हणजे विकास चालूच. ड्रोन, टेहळणी, लक्ष्यनिवड यांवर बंदीचा शब्दही नाही. मेसेज घसरलाय तो नेमका इथेच.

तरीही ही सहमती किरकोळ नाही. त्याच वर्षी मे महिन्यात जिनिव्हात दोन्ही देशांचे अधिकारी एआयवर बोलले, तेव्हा अशी कोणतीही सहमती जाहीर झाली नव्हती.

'बंदी'वाला मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.