मोबाईल असताना हा डबा कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चांगला मोबाईल खिशात असताना मी माझ्या लेखात २०१२ सालच्या सोनी आरएक्स१०० या छोट्या कॅमेऱ्याचं एवढं कौतुक कशाला केलं, आणि दोष दोन ओळींत का उरकले, असे तुमचे दोन सवाल आहेत. दुसऱ्यात जास्त दम आहे, म्हणून तो आधी.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर ‘सीतेची आसवं’ ही फुलं टिपायला गेलात की हा कॅमेरा अंत बघतो. फूल जेमतेम नखाएवढं. झूम न करता लेन्स ५ सेंटीमीटरपर्यंत नेता येते, पण मग कॅमेऱ्याचीच सावली फुलावर पडते. पूर्ण झूम केलात तर किमान ५५ सेंटीमीटर लांब राहावं लागतं आणि फूल चौकटीत कुठल्या कुठे हरवतं. त्यात व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, म्हणजे ऊन पडलं की स्क्रीनवर आपलंच तोंड. आणि आपल्याकडचा पाऊस तर तुम्हाला सांगायला नको! पाण्यापासून याला कसलंही संरक्षण नाही. ठोसेघर धबधब्याच्या तुषारांत तो बाहेर न काढलेलाच बरा. तिथे पाणी सोसणारा मोबाईल सरळ बाजी मारतो.

पण ‘मोबाईल सगळ्यातच पुढे’ हे काही पटत नाही. बरेच मोबाईल एकामागून एक फोटो घेऊन त्यांचा एक करतात. पठारावर वारा सुटला, तेरडा डोलायला लागला की पाकळ्यांच्या कडा चिकट, रंगवल्यासारख्या येतात. हा कॅमेरा एकच फोटो घेतो, आणि हवा तर रॉ मध्ये, म्हणजे कसलीही रंगरंगोटी न करता जसाच्या तसा. सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, चांगला १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. झूमही खरा, भिंगं हलवून होणारा, ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात २८ ते १०० मिलिमीटर. मात्र पूर्ण झूमला लेन्सचं छिद्र एफ/१.८ चं एफ/४.९ होतं (आकडा मोठा, तितकं छिद्र लहान), म्हणजे प्रकाश सातव्या हिश्श्यावर येतो. अजिंक्यतारा किल्ल्यावरून रात्रीचं सातारा शहर हातात धरून टिपायचं तर मोबाईलच सोयीचा. कठड्यावर टेकवून, टायमर लावून, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) अगदी कमी, १२५ ला ठेवून काढायची तयारी असेल तर मात्र आरएक्स१०० चा फोटो मोठा करून बघा, मग बोलू.

माझा लेख म्हणजे जाहिरात, हा तुमचा टोमणा सोडून देतो.

जुना घेणार असाल तर लेन्स बाहेर येताना अडखळत नाही ना, ते आधी बघा. मग एफ/११ ला मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा. काळपट ठिपके दिसले तर आत धूळ गेलेली आहे, आणि लेन्स निघत नसल्यामुळे ती घरी पुसता येत नाही. असा कॅमेरा फुकट मिळाला तरी घेऊ नका.