सर्वांसाठी खुलं, फक्त आत येऊ नका

ग्रंथपाल महोदय, दारावर 'सर्वांसाठी खुले' अशी पाटी लावलीत ना? मग अर्धा गड सर झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी पथ्य एकच: सोय दिसली पाहिजे, कुणाला वापरता येता कामा नये.

रॅम्प आधी करा, कारण फोटो त्याचाच निघतो. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा, असं जाणकार सांगतात. त्यांचं काय जातंय सांगायला! तुम्ही चार फुटांत उरका. व्हीलचेअर चढणार नाही, पण पुस्तकांची खोकी कशी सुळकन खाली येतात बघा. पायथ्याशी दोन कुंड्या ठेवा, शोभा येते.

ब्रेल पुस्तकं भेट आली असतील तर कपाटात घालून कुलूप लावा आणि वर 'ब्रेल विभाग' असं ठसठशीत रंगीत अक्षरांत लिहा. ठिपक्यांत नको, डोळसांना कसं कळणार? आतली पुस्तकं आडवी, एकावर एक रचा. ब्रेलमध्ये साध्या कादंबरीचेही तीन-चार जाडजूड खंड होतात, त्यामुळे वजन भरपूर पडतं आणि तळाच्या खंडांचे ठिपके हळूहळू चेपत जातात. लुई ब्रेलने वयाच्या पंधराव्या वर्षी, 1824 मध्ये, ही सहा ठिपक्यांची लिपी बसवली. ती पुसायला तुम्हाला नुसतं कपाट पुरतं.

पण खरी करामत डिजिटलमध्ये आहे. जुनी पुस्तकं धडाधड स्कॅन करा, पीडीएफ चढवा आणि किती पानं झाली त्याचा आकडा मोठ्या टायपात छापा. ओसीआरच्या भानगडीत मात्र पडू नका. ओसीआर केलं की पानाच्या चित्रातून खरी अक्षरं निघतात, आणि मग अंध वाचकाच्या संगणकातला स्क्रीन रीडर ती चक्क मोठ्याने वाचून दाखवतो. न केल्यास तेच यंत्र तुमच्या दुर्मिळ ग्रंथाचं प्रत्येक पान उघडून प्रामाणिकपणे सांगतं, 'रिकामं पान'.

संकेतस्थळही असंच देखणं असू द्या. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं किती उच्चभ्रू दिसतात! मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान 4.5 ला 1 एवढा फरक असावा, असे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, पण निकषांना सौंदर्यदृष्टी कुठली? बटणांना नावं देऊ नका. अंध वाचक टॅब दाबत जाईल आणि कानावर पडेल, 'बटण. बटण. लिंक. चित्र शून्य शून्य चार सात. बटण.' यातलं एक बटण 'पुस्तक राखून ठेवा' आहे. कोणतं, ते शोधण्यात वाचनाइतकीच गोडी आहे. शेवटी 'सिग्नल असलेले चौकोन निवडा' असं कोडं घाला. ज्याला ते दिसलं नाही तो यंत्रमानव, विषय संपला.

एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर 2006 पासून फुकट मिळतो, ही बातमी समितीच्या कानावर जाऊ देऊ नका. 'निधी नाही' हे इतकं उपयोगी वाक्य हातचं जाईल. तरी कुणी बसवलाच, तर त्या संगणकाचा पासवर्ड एकाच कर्मचाऱ्याकडे ठेवा आणि त्याला रजेवर पाठवा. कुणी 2013 च्या मराकेश कराराचा दाखला देईल, अंध वाचकांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत काढायला हक्कधारकाची परवानगी लागू नये म्हणून तो झाला असं म्हणेल. 'मराकेश मोरोक्कोत आहे,' एवढंच ठामपणे सांगा. हे खरंही आहे.

एवढं करूनही एखादा वाचक काउंटरपाशी पोचलाच, तर त्याच्याकडे बघू नका. सोबतच्या माणसाला विचारा, 'यांना काय हवंय?' तो एकटाच आला असेल तर जरा पंचाईत होते. ऐकू न येणारा असेल तर तेच वाक्य दुप्पट आवाजात म्हणा. कागदावर लिहून विचारायचं नाही, पेनाची शाई वाया जाते.

वर्षअखेरीस अहवालात लिहा: 'दिव्यांग वाचक शून्य, सबब पुढील वर्षी तरतूद अनावश्यक.' हे वाक्य दरवर्षी जसंच्या तसं उतरवता येतं. मध्येच कुणी चिवट निघाला आणि तक्रारवही मागू लागला, तर नाही म्हणू नका. तो त्याचा हक्क आहे. वही दुसऱ्या मजल्यावर असते. लिफ्टही आहे, फक्त तिच्यात सध्या मासिकांचे जुने अंक रचलेत.